दुसऱ्यांदा पाहिलेला चित्रपट : कौटुंबिक ॲनिमेशनपटांच्या श्रेष्ठत्वाचा वाद

२००८ साली अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने दहा चित्रप्रकार घेऊन प्रत्येकातले दहा सर्वोत्तम अमेरिकी चित्रपट निवडले. ॲनिमेशनच्या यादीत पहिला आला ‘स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स’, दुसरा ‘पिनोकिओ’, तिसरा ‘बॅम्बी’. त्यांच्यामागे ‘द लायन किंग’, ‘फँटेशिया’, ‘टॉय स्टोरी’, ‘ब्यूटी अँड द बीस्ट’, ‘श्रेक’, ‘सिंड्रेला’ आणि ‘फाइंडिंग नीमो’. एक ‘श्रेक’ सोडला तर बाकी नऊही चित्रपट डिस्नेच्या नावाने प्रदर्शित झालेले. चौदा वर्षांनी, २०२२ मध्ये, ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाने जगभरच्या सोळाशेहून अधिक समीक्षकांचे आणि अभ्यासकांचे कौल मागवले. सर्व प्रकारच्या चित्रपटांमधून निवडलेल्या त्या पहिल्या शंभरात ॲनिमेशनपट फक्त दोन आहेत, ‘माय नेबर टोटोरो’ आणि ‘स्पिरिटेड अवे’. दोन्ही हायाओ मियाझाकींचे. डिस्नेचा एकही नाही.

या दोन याद्या म्हणजे चाहत्यांच्या हातातली दोन शस्त्रे आहेत. आमच्या छोट्या फिल्म सोसायटीत वर्षातून एकदा बालचित्रपटांचा रविवार असतो आणि खेळ संपल्यावर चहाबरोबर हा वाद हटकून निघतो. १९३७ ते १९४२ या काळातले पाच चित्रपट म्हणजे सुवर्णयुग, त्यानंतर उतरण, असे मानणारा एक तट. दुसरा तट १९८९ नंतरच्या दशकाचा, म्हणजे ‘द लिटल मरमेड’पासूनच्या गाणाऱ्या चित्रपटांचा. तिसऱ्या तटाला डिस्नेचे नावच नको असते. त्याच्या मते खरे ॲनिमेशन जपानमध्ये होते आणि बाकी सारी खेळण्यांची जाहिरात. मजा अशी की खेळणी सर्वांत मोठ्या प्रेमाने याच तटातल्या लोकांच्या टेबलांवर दिसतात.

हा वाद हसण्यावारी नेण्याजोगा आहे असे मला वाटत नाही. लहान मुलाला पहिला चित्रपट कोणता दाखवायचा हे घरातले कोणीतरी ठरवते आणि ते ठरवताना त्याच्या मनात अशीच एखादी, न लिहिलेली यादी असते. तेव्हा ही यादी कशी बनते हे तपासायला हवे. तपासू लागलो की पहिली अडचण लगेच समोर येते. आज ज्यांना अभिजात म्हणतात त्यांतले बरेच चित्रपट पहिल्या प्रदर्शनात पडले होते.

२१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजेलिसच्या कार्थे सर्कल थिएटरमध्ये ‘स्नो व्हाइट’चा पहिला खेळ झाला तोवर हॉलिवूडमध्ये त्याला ‘डिस्नेचा वेडेपणा’ म्हणत. जवळजवळ पंधरा लाख डॉलर खर्चून केलेला तो वेडेपणा तुफान चालला. त्या पैशाच्या बळावर वॉल्ट डिस्नेने पुढची स्वप्ने पाहिली. ‘पिनोकिओ’ फेब्रुवारी १९४० मध्ये आला. त्यावर वीस लाखांहून अधिक डॉलर खर्च झाले होते. पण युरोपात युद्ध पेटले होते, तिकडची बाजारपेठ बंद झाली होती. चित्रपटाने पैसे बुडवले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘फँटेशिया’ आला. त्याच्यासाठी चित्रपटगृहांत खास ध्वनियंत्रणा बसवावी लागे. तोही खर्च भरून काढू शकला नाही. ‘बॅम्बी’ १९४२ च्या ऑगस्टमध्ये, युद्धाच्या ऐन मध्यात आला आणि तोही तोट्यात गेला. शिकाऱ्यांच्या मासिकांनी त्याच्यावर उलट टीका केली. या चौकडीत कमी खर्चात झालेला आणि नफा देणारा एकच, १९४१ चा ‘डम्बो’. जेमतेम ६४ मिनिटांचा, घाईत उरकलेला, आणि अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या दहांत नसलेला.

मग हे पडलेले चित्रपट वर कसे आले? १९४४ मध्ये स्टुडिओला पैशांची निकड होती. नवे चित्रपट काढायला भांडवल नाही, तेव्हा जुना ‘स्नो व्हाइट’ पुन्हा चित्रपटगृहांत लावण्यात आला. तो चालला. इतका चालला की पुढे ती रीतच पडली. ‘स्नो व्हाइट’ पुन्हा आला १९५२ मध्ये, मग १९५८, १९६७, १९७५, १९८३, १९८७ आणि १९९३ मध्ये. ‘बॅम्बी’ १९४७, १९५७, १९६६, १९७५, १९८२ आणि १९८८ मध्ये. अंतर साधारण सात ते दहा वर्षांचे. हिशेब सरळ धंद्याचा होता. सात वर्षांत लहान मुलांची एक नवी तुकडी तयार होते आणि तिच्यासाठी जुना चित्रपट नवाच असतो.

पण या हिशेबातून एक अशी गोष्ट घडली जिचा विचार हिशेबनिसांनी केला असेल असे वाटत नाही. १९४४ मध्ये सहा वर्षांची असलेली मुलगी १९५२ मध्ये चौदा वर्षांची होती. १९५८ मध्ये ती वीस वर्षांची झाली, आणि १९६७ मध्ये स्वतःच्या मुलाचा हात धरून त्याच चित्रपटाला आली. मधल्या काळात चित्रपट घरी नव्हता, दूरचित्रवाणीवर नव्हता, कुठेच नव्हता. फक्त आठवणीत होता. आठवणीत राहिलेला चित्रपट आणि पडद्यावर पुन्हा दिसलेला चित्रपट यांची तुलना करण्याची सक्ती या पुनःप्रदर्शनाने एका संपूर्ण समाजावर केली. अभिजात हा शब्द आपण एरवी फार सैल वापरतो. इथे त्याला एक यंत्रणा होती, तारखा होत्या.

१९८० च्या दशकात व्हिडिओ टेप आल्या तेव्हा डिस्नेने हीच रीत वेगळ्या रूपात चालू ठेवली. ‘पिनोकिओ’ १९८५ मध्ये टेपवर आला. पण टेप थोडा काळ विकायची, मग विक्री बंद करून ‘तिजोरीत’ ठेवायची, काही वर्षांनी पुन्हा काढायची असे तंत्र होते. आपल्याकडे ही तिजोरी कोणाला ठाऊकही नव्हती. नव्वदच्या दशकात माझ्यासारख्यांना हे चित्रपट गल्लीतल्या व्हिडिओ लायब्ररीत मिळत, दिवसाला दहा रुपये भाड्याने, कोणीतरी आखातातून आणलेल्या टेपची प्रत करून. ‘डम्बो’च्या आमच्या प्रतीत मध्येच एका क्रिकेट सामन्याची तीन-चार मिनिटे होती. त्या पिढीतल्या मराठी प्रेक्षकाची आवड डिस्नेच्या तिजोरीने कमी आणि लायब्ररीवाल्याच्या फळीने जास्त घडवली. सर्वश्रेष्ठ कोणता यावर हिरिरीने बोलणाऱ्या माझ्या समवयस्कांना मी नेहमी विचारतो : तुमच्या लायब्ररीत काय काय होते? उत्तर ऐकले की त्यांची यादी मला आधीच सांगता येते.

म्हणजे पुन्हा पुन्हा दाखवले की झाला चित्रपट अभिजात, असे आहे का? नाही, आणि याचे पुरावे डिस्नेच्याच घरात आहेत. १९४६ चा ‘साँग ऑफ द साउथ’ अनेकदा पुन्हा लावला गेला, अगदी १९८६ पर्यंत. गुलामगिरीनंतरच्या दक्षिणेचे त्यातले गोड चित्र पुढच्या काळाला इतके असह्य झाले की अमेरिकेत तो कधीच घरगुती टेपवर आला नाही. १९७३ चा ‘रॉबिन हूड’ घ्या. टेपमुळे त्याच्यावर जीव टाकणारे असंख्य आहेत. पण त्यातल्या नाचाच्या दृश्यांत ‘स्नो व्हाइट’ आणि ‘जंगल बुक’मधल्या जुन्या हालचाली जशाच्या तशा उचलून नवी पात्रे चिकटवली आहेत, हे एकदा दिसले की दिसतच राहते. दुसऱ्यांदा पाहणे ही संधी आहे. त्या संधीला काही चित्रपट उतरतात, काही उतरत नाहीत. का, हा खरा समीक्षेचा प्रश्न.

आपल्याकडच्या जाहिरातींत एक शब्द असे : सहकुटुंब. ‘सहकुटुंब सहपरिवार पाहावा असा चित्रपट’. त्याचा अर्थ नकारात्मक होता. आजोबा आणि नात शेजारी बसले असताना मान खाली घालावी लागेल असे त्यात काही नाही, एवढीच ती हमी. इंग्रजीतल्या कौटुंबिक चित्रपटाचा अर्थही बव्हंशी हाच. चाहत्यांच्या वादात हा अर्थ गृहीत धरला जातो आणि मग चर्चा गाणी, रंग, खलनायक, विनोद यांच्याकडे वळते. मला कौटुंबिक या शब्दाचा दुसरा अर्थ जास्त उपयोगी वाटतो. एकाच खोलीत बसलेल्या चार वयांच्या चार माणसांना चालणारा तो कौटुंबिक चित्रपट, असे नव्हे. एकच माणूस ज्याला दोन वयांत, दोन जागांवरून पाहू शकतो आणि दोन्ही वेळा ज्याच्यात त्याला बसायला जागा सापडते तो. सहा वर्षांच्या मुलाची जागा आणि चाळिशीतल्या पालकाची जागा एकाच दृश्यात, एकाच रेषेत असायला हवी.

‘डम्बो’तले रात्रीचे दृश्य पाहा. मोठ्या कानांवरून पिल्लाला छळणाऱ्या पोराला आईने चोप दिला, म्हणून सर्कसवाल्यांनी तिला वेडी ठरवून गाडीत कोंडले आहे. टिमथी उंदीर पिल्लाला तिच्या भेटीला नेतो. गाडीला उंचावर गजांची एक खिडकी आहे. आई खिडकीपर्यंत पोचू शकत नाही, कारण तिच्या पायांत साखळ्या आहेत. ती ताणते, साखळी ताठ होते, आणि फक्त सोंड गजांतून बाहेर येते. सोंड पिल्लाला चाचपडते, ओळखते, मग तिचाच पाळणा होतो. इतर पिंजऱ्यांत आपापल्या आयांजवळ झोपलेली पिल्ले अधूनमधून दिसतात. मग टिमथी निघायची खूण करतो.

लहानपणी हे दृश्य मी पिल्लाच्या जागेवरून पाहिले. तिथून ते भेटीचे दृश्य आहे. आई सापडली, तिने झोका दिला. मुलगी पाच वर्षांची असताना तिच्यासोबत पाहिले तेव्हा मला साखळी दिसली. ती आधीही होतीच, चांगली ठळक काढलेली. आईला आपले मूल दिसत नाही, फक्त हाताला लागते, ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली. चित्रपट यासाठी काही वेगळे करत नाही. मोठ्यांसाठी एक टोमणा, लहानांसाठी एक उडी, अशी वाटणी नाही. एकच चित्र आहे.

डम्बो स्वतः संपूर्ण चित्रपटात एक शब्दही बोलत नाही, आणि त्याची आई फक्त त्याचे नाव उच्चारते. पिल्लाच्या हालचाली बिल टायटला या चित्रकाराने केल्या. त्याआधी ‘फँटेशिया’तला तो भयंकर पर्वतासुर त्यानेच काढला होता. डम्बोसाठी त्याने घरातल्या आपल्या लहान मुलाकडे पाहून रेखाटने केली. त्याच वर्षी, मे १९४१ मध्ये, डिस्नेच्या स्टुडिओत मोठा संप झाला आणि टायटला संपकऱ्यांत सामील झाला. चित्रपटातले विदूषक रात्री मालकाकडे पगारवाढ मागायला निघतात त्या दृश्यात संपकऱ्यांची टर आहे असे बहुतेक अभ्यासक मानतात. ज्या चित्रपटात त्याच्या सर्वांत कोमल पात्राचा चित्रकार आहे त्याच चित्रपटात त्याच्यासारख्यांची टिंगलही आहे. ‘डम्बो’ला गोड म्हणून बाजूला ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

‘पिनोकिओ’च्या बाजूने बोलणारे लोक प्रथम त्याच्या कारागिरीकडे बोट दाखवतात आणि ते बरोबर आहे. गावावरून छपरांमधून कॅमेरा खाली उतरत जातो ते दृश्य, काचेच्या एकामागे एक थरांवर चित्रे ठेवून टिपलेले, आजही थक्क करते. तरी माझ्या लेखी त्याचे मोठेपण दुसरीकडे आहे. मौजेच्या बेटावर नेलेली वाह्यात पोरे गाढवे होतात. ज्यांची वाचा गेली त्यांना खोक्यांत भरून विकायला पाठवतात. एक छोटे गाढव अजून बोलू शकते. ते आपले नाव ॲलेक्झांडर असल्याचे सांगते आणि आईकडे घरी जायचे म्हणते. गाडीवान त्याला बाजूला, अजून बोलणाऱ्यांच्या घोळक्यात ढकलतो. पुढे पिनोकिओ निसटतो, देवमाशाच्या पोटातून बापाला सोडवतो, खरा मुलगा होतो. ॲलेक्झांडरचे काय झाले? चित्रपट सांगत नाही. गाडीवानाला शिक्षाही होत नाही.

चाहत्यांच्या वादात याला कथेतले भोक म्हणतात. मला ते चित्रपटातले सर्वांत प्रामाणिक स्थळ वाटते. मूल हे दृश्य पाहताना स्वतःपुरते घाबरते; आपण असे होऊ नये म्हणून. नायक सुटला की त्याची भीतीही सुटते. पालक मात्र त्या खोक्यांपाशी राहतो. एक मूल वाचले म्हणजे सगळी वाचली असे होत नाही, हे त्याला एव्हाना ठाऊक झालेले असते. शेवट गोड करूनही डिस्नेच्या माणसांनी ही गाढवे परत आणली नाहीत. आजच्या कोणत्याही स्टुडिओने शेवटच्या पाच मिनिटांत ती आणली असती, बहुधा नाचत.

‘बॅम्बी’बद्दल बोलताना सगळे आईच्या मृत्यूशी थांबतात. तो मृत्यू दिसत नाही, हे सर्वांना माहीत आहे. कसा दिसत नाही ते पाहण्यासारखे आहे. बर्फात पहिले गवत उगवलेले. आई मान वर करते. पाडसाला पुढे घालून ती पळते आणि मागे न बघता धावत राहायला सांगते. आपण पाडसाबरोबर पुढे पळतो. मागे बंदुकीचा बार होतो. पाडस झाडीत पोचते, आपण जिंकलो अशा आनंदात वळते, आणि मागे कोणी नाही. आई मागे राहिली याचे कारण ती त्याला पुढे ठेवत होती. मुलाला आई हरवल्याचे कळते. पालकाला ती कुठे आणि का पळत होती ते कळते. त्यानंतर काळोखे बर्फ, बापाची आकृती, आणि एकदम वसंत, पक्ष्यांचा किलबिलाट. हा सांधा अनेकांना खडबडीत वाटतो. माझे मत उलट आहे. शोक करायला चित्रपट प्रेक्षकाला वेळ देत नाही, म्हणून तो शोक प्रेक्षकाबरोबर घरी जातो.

‘बॅम्बी’तले अरण्य चिनी वंशाच्या टायरस वाँग या चित्रकाराच्या कल्पनेतले. त्याने सोंग काळातल्या निसर्गचित्रांचा अभ्यास केला होता. पानन् पान काढण्याऐवजी त्याने धुके, ओला उजेड आणि मोजके फटकारे ठेवले, आणि हरणे त्या मोकळ्या जागेत उभी केली. १९४१ च्या संपानंतर त्याला कामावरून काढण्यात आले. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्याचे नाव पार्श्वभूमीच्या चित्रकारांत एक म्हणून येते. जपानी तटाला मी हे मुद्दाम सांगतो, कारण रिकाम्या जागेचे सौंदर्य फक्त पूर्वेच्या स्टुडिओंतच होते असे ते समजतात. ते बरबँकमध्येही होते, एका स्थलांतरिताच्या हातात.

‘द लायन किंग’ची तुलना ‘बॅम्बी’शी नेहमी होते आणि ‘लायन किंग’चे चाहते म्हणतात की तिथे मृत्यू दाखवण्याचे धैर्य आहे. सिंबा मेलेल्या बापाच्या पंजाखाली शिरतो ते दृश्य मलाही हलवते. पण तिथे मुलासाठी आणि मोठ्यासाठी एकच जागा आहे, मुलाची. मुफासा मेल्यावर चित्रपटात पालकाच्या जागेवरून पाहायला कोणी उरत नाही. तो नंतर ढगांतून बोलतो, आणि ढगांत बसून चित्रपट पाहता येत नाही. ‘श्रेक’ची गोष्ट आणखी वेगळी. त्यातले मोठ्यांसाठीचे विनोद मुलांच्या डोक्यावरून जावेत अशा बेताने लिहिलेले आहेत. दोघे एकाच खोलीत हसतात, पण वेगवेगळ्या गोष्टींवर. अशा चित्रपटात मूल मोठे झाल्यावर परत आले तर त्याला फक्त तेव्हा न कळलेले विनोद कळतात. तेही त्या वर्षीच्या जाहिराती आणि गाणी आठवत असतील तर.

‘स्नो व्हाइट’ पहिल्या क्रमांकावर का, याचे उत्तर ऐतिहासिक आहे. रेषांनी काढलेल्या आकृत्यांसाठी प्रेक्षक रडेल का, ही पैज तिने जिंकली. काचेच्या पेटीभोवती उभ्या बुटक्यांचा शोक फ्रँक थॉमसने काढला. त्यात हालचाल जवळजवळ नाहीच. तो एक प्रसंग सोडला तर मोठ्या वयात त्या चित्रपटाकडे परतताना मला राणीखेरीज कोणाच्या जागेवर बसता येत नाही. पहिला असण्याचा मान मोठा आहे, पण तो श्रेष्ठतेचा मान नाही.

आता ‘टोटोरो’. १६ एप्रिल १९८८ रोजी जपानमध्ये तो इसाओ ताकाहाताच्या ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’बरोबर एकाच तिकिटात दाखवला गेला. एकात आजारी आईची वाट पाहणाऱ्या दोन बहिणी, दुसऱ्यात युद्धात आई गमावून उपासमारीने मरणारी भावंडे. हा जोडखेळ तिकीटबारीवर फारसा चालला नाही. पुढे दूरचित्रवाणीवर ‘टोटोरो’ पुन्हा पुन्हा दाखवला गेला, मऊ बाहुल्या निघाल्या, आणि त्या गुबगुबीत प्राण्याने स्टुडिओ जिब्लीचे बोधचिन्ह व्हावे इतकी त्याची ख्याती झाली. म्हणजे जपानी तटाचा मुकुटमणीही पहिल्या दर्शनाचा नव्हे, दुसऱ्याच दर्शनाचा. अमेरिकेत हीच गोष्ट १९९९ च्या ‘द आयर्न जायंट’ची झाली, चित्रपटगृहांत पडला, टीव्हीने उचलला.

‘टोटोरो’तला बसथांब्याचा प्रसंग सर्वांना पाठ आहे. पाऊस, संध्याकाळ, बाबांसाठी आणलेली जास्तीची छत्री, आणि शेजारी येऊन उभा राहिलेला, डोक्यावर एक पान धरलेला प्राणी. लहान मूल टोटोरोकडे पाहते. पण त्या चौकटीत सात्सुकीच्या पाठीवर धाकटी मेई झोपली आहे. सात्सुकी एका हाताने छत्री सावरते आणि दुसऱ्या हाताने बहिणीला पाठीवर वर ढकलते. आई इस्पितळात असल्यापासून डबे भरणे, भात शिजवणे, बहिणीला सांभाळणे हे सारे ती करते आहे. मियाझाकींची स्वतःची आई मणक्याच्या क्षयाने कित्येक वर्षे आजारी होती. या मुलीला बालपण परत हवे आहे हे तिला सांगता येत नाही. इस्पितळातून तार येते तेव्हा शेजारच्या आजीपुढे ती कोसळते आणि आपल्याला कळते की ती इतका वेळ मोठी असल्याचे नाटक करत होती. माझी मुलगी पाचव्या वर्षी मेई होती. एकोणिसाव्या वर्षी वसतिगृहातून सुटीला आल्यावर तिने पुन्हा पाहिला आणि म्हणाली, “बाबा, हा सात्सुकीचा पिक्चर आहे, तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.” मला तोवर तो वडिलांचा चित्रपट वाटत होता. वह्यापुस्तकांत डोके घातलेले, प्रेमळ, आणि मुलीने किती ओझे उचलले आहे याचा पत्ता नसलेले वडील.

तीन वयांना तीन जागा. म्हणून माझ्या यादीत ‘टोटोरो’ वर, त्याला अगदी चिकटून ‘डम्बो’, मग ‘बॅम्बी’ आणि ‘पिनोकिओ’. यावर सोसायटीत दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या आहेत.

या दोन तटांच्या मध्ये आपण कुठे आहोत? अगदीच बाहेर नाही. क्लेअर वीक्स नावाचा चित्रकार भारतात मिशनरी आईबापांच्या पोटी जन्मला, डिस्नेत ‘स्नो व्हाइट’ आणि ‘बॅम्बी’वर काम केले, आणि १९५६ मध्ये अमेरिकी तांत्रिक साहाय्य योजनेतून मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवायला आला. त्याच्या हाताखाली १९५७ मध्ये जातककथेवरचा ‘द बनियन डिअर’ तयार झाला. हरणांचाच चित्रपट, हे लक्षात घ्यावे. त्या वर्गात राम मोहन होते. पुढे हेच राम मोहन युगो साको आणि कोइची सासाकी यांच्यासह ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’चे दिग्दर्शक झाले. म्हणजे बरबँकहून निघालेला शिकवणीचा धागा मुंबईत वळसा घेऊन टोकियोत पोचला. डिस्ने की जपान, असा वाद घालणाऱ्यांनी या एका माणसाला कोणत्या तटात बसवायचे ते ठरवावे.

‘रामायण’ १९९३ च्या भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. परदेशी माणसाने रामकथा कार्टूनमध्ये आणावी यावर आधीच आक्षेप घेतले गेले होते, आणि ते वर्षही या विषयाला अनुकूल नव्हते. चित्रपटगृहांत त्याला नीट आयुष्य मिळाले नाही. मग तो टीव्हीवर, मुलांच्या वाहिनीवर, सुट्यांमध्ये येऊ लागला आणि एक पिढी त्याच्यावर वाढली. २४ जानेवारी २०२५ रोजी तो चित्रपटगृहांत पुन्हा लागला. मी गेलो त्या खेळाला पस्तिशीतले आईबाप होते, मांडीवर मुले घेऊन, आणि काही संवाद पडद्याआधी त्यांच्या तोंडून येत होते. १९६७ च्या अमेरिकेत ‘स्नो व्हाइट’ला असेच झाले असणार. चित्रपट म्हणून तो मला विषम वाटतो. पार्श्वभूमी देखणी, जंगले आणि लंका डोळ्यांत भरणारी, पण पात्रांचे चेहरे भावनेच्या ऐन वेळी आखडतात. तरी हनुमानाच्या हालचालींत जी मौज आहे ती हुकमी आहे, आणि मांडीवरची मुले नेमकी तिथेच उठून उभी राहत होती.

पुनःप्रदर्शनाचा काळ आता संपला आहे. सगळे सगळ्या वेळी उपलब्ध असल्यावर वाट पाहण्याचे कारण उरत नाही. पण दुसऱ्या दर्शनाला एक नवी अडचण आली आहे. ‘फँटेशिया’ १९६० च्या दशकात पुन्हा लावताना त्यातली एक काळी, नोकराणीसारखी राबणारी अश्वमानवी गुपचूप काढून टाकली गेली. ज्यांनी १९४० मध्ये पाहिला होता त्यांच्याखेरीज कोणाला कळले नाही. अलीकडे काही वर्षे डिस्नेच्या वाहिनीवर ‘डम्बो’च्या आधी वांशिक चित्रणाबद्दलचा इशारा येत असे. तो यायलाच हवा. चित्रपटातले कावळे कृष्णवर्णीयांच्या बोलीची नक्कल करतात, आणि त्यांच्या म्होरक्याला आवाज दिला आहे एका गोऱ्या नटाने. हेच कावळे आधी हसून नंतर डम्बोच्या आईची कहाणी ऐकल्यावर गप्प होतात आणि त्याला उडायला शिकवतात, हेही त्याच चित्रपटात आहे. दोन्ही पाहणे मोठ्या माणसाला जमते, आणि इशारा त्यासाठीच होता. गुपचूप कात्रीपेक्षा तो कधीही बरा.

२०२१ मध्ये मात्र ‘डम्बो’ सात वर्षांखालच्या मुलांच्या खात्यांतून हटवण्यात आला. मोठ्यांच्या खात्यात तो आहे. तिथे त्या मुलाला तो दाखवायचा तर कोणीतरी शेजारी बसावे लागते, कावळे आले की थांबवून दोन शब्द बोलावे लागतात, आणि मग गजांतून सोंड बाहेर येते तेव्हा दोघांनाही एकाच वेळी, आपापल्या जागेवरून, ती पाहता येते. आमच्या पुढच्या बालचित्रपटांच्या रविवारी हाच लावायचा असे मी सुचवले आहे. कार्यकारिणीतले दोन सदस्य ‘लायन किंग’साठी अडून बसले आहेत.